एका मताचा महापौर : जॉन आर्चर

नगरपालिकेची निवडणूक म्हणजे गटार, नळ आणि दिवाबत्तीची निवडणूक, असे म्हणून नाक मुरडणारे कार्यकर्ते आपल्या चळवळीतही कमी नाहीत. त्यांचे सारे लक्ष विधानसभेकडे आणि लोकसभेकडे! परंतु चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली केला होता, आणि सत्याग्रहानंतर १९२७ साली तो ठराव रद्द केला तोही त्याच नगरपालिकेने, याचा आपल्याला विसर पडतो. पाणी प्यायचे की नाही, हे दिल्लीने ठरवले नव्हते आणि लंडननेही ठरवले नव्हते. ते नळ-गटारांच्या सभागृहाने ठरवले होते.

आज आम्ही वाचकांना ज्या माणसाची ओळख करून देणार आहोत, त्याचे सारे राजकीय आयुष्य अशाच एका सभागृहाभोवती गेले. तो खासदार झाला नाही, मंत्री झाला नाही. लंडनच्या बॅटरसी या बरोचा तो नगरसेवक होता आणि एक वर्ष महापौर होता. त्याचे नाव जॉन रिचर्ड आर्चर.

८ जून १८६३ रोजी लिव्हरपूल येथे त्याचा जन्म झाला. वडील रिचर्ड आर्चर हे बार्बाडोस बेटावरचे कृष्णवर्णीय, जहाजावर कारभारी म्हणून नोकरीला. आई मेरी तेरेसा बर्न्स ही आयरिश कॅथलिक. लिव्हरपूल म्हणजे गुलामांच्या व्यापारावर गब्बर झालेले बंदर. त्या शहरात काळ्या माणसाला काय मोल होते, हे वेगळे सांगायला नको. पण तिथे आयरिश माणसालाही इंग्रज आपल्या बरोबरीचा मानत नव्हता. म्हणजे जॉनच्या वाट्याला दोन्हीकडून हिणवले जाणेच आले. तरुणपणी त्याने खलाशी म्हणून जग पाहिले, अमेरिकेत आणि कॅनडात राहिला. पत्नी बर्था ही कॅनडाची कृष्णवर्णीय. १८९० च्या दशकात हे जोडपे बॅटरसीत येऊन स्थिरावले. काही काळ त्याने वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला, तो पुरा झाला नाही. मग बॅटरसी पार्क रोडवर त्याने फोटोचा स्टुडिओ काढला. लग्नाचे, बाळाचे, कुटुंबाचे फोटो काढून पोट भरणारा हा माणूस. मोहल्ल्यातली सारी माणसे या ना त्या निमित्ताने त्याच्या कॅमेऱ्यासमोर येऊन बसत असणार. राजकारणात उतरण्यासाठी याहून चांगला धंदा कोणता!

बॅटरसी हे थेम्स नदीच्या दक्षिण काठावरचे कामगारांचे गाव. रेल्वेची यार्डे, गॅसचे कारखाने, मेणबत्त्यांचा कारखाना. विसाव्या शतकाच्या आरंभी वस्ती दीड लाखाहून अधिक. १८९९ च्या लंडन गव्हर्नमेंट ॲक्टने लंडनचे २८ बरो पाडले, त्यांपैकी हा एक. वाचकांना ही रचना समजावी म्हणून थोडे कायद्याचे बोलतो. दर तीन वर्षांनी १ नोव्हेंबरला साऱ्या नगरसेवकांची एकदम निवडणूक होई. निवडून आलेले नगरसेवक आणखी काही ज्येष्ठ सदस्य निवडून घेत, त्यांना आल्डरमन म्हणत. मग ९ नोव्हेंबरला सारे मिळून एका वर्षासाठी महापौर निवडत. महापौर थेट जनतेतून येत नसे. संसदेच्या निवडणुकीत स्त्रियांना मत नव्हते, पण बरोच्या निवडणुकीत घरपट्टी भरणाऱ्या अनेक स्त्रियांना होते. संसदेचा दरवाजा त्यांच्यासाठी १९१८ साली किलकिला झाला. नगरपालिकेचा त्याआधीच उघडला होता.

या बॅटरसीत पुरोगामी आघाडीचा, म्हणजे लिबरल आणि कामगार गटांच्या युतीचा जोर होता. जॉन बर्न्स हा कामगारांमधून आलेला पुढारी तिथला खासदार होता, आणि तो १९०५ साली मंत्रिमंडळात गेला. या कौन्सिलने १९०३ साली लॅचमियर वसाहत बांधली. ठेकेदार न नेमता, कौन्सिलच्या स्वतःच्या कामगारांकडून ही घरे बांधून घेतली. रस्त्यांची नावे काय ठेवली? फ्रीडम स्ट्रीट, रिफॉर्म स्ट्रीट! एका रस्त्याला तर जुबेर या बोअर सेनापतीचे नाव दिले. साऱ्या इंग्लंडात ज्या बोअरांविरुद्ध युद्धज्वर चढला होता, त्यांच्या सेनापतीचे नाव रस्त्याला देणारी ही नगरपालिका होती. आमचे मत असे की आर्चर हा आभाळातून पडलेला नाही. अशी भुई तयार होती, म्हणून तो उगवला.

तत्पूर्वी १९०० साली लंडनमध्ये पहिली पॅन-आफ्रिकन परिषद भरली. त्रिनिदादचा हेन्री सिल्व्हेस्टर विल्यम्स हा तिचा संयोजक. अमेरिकेतून विल्यम डु बॉइस आले होते. आर्चर तिथे हजर होता. विल्यम्स पुढे बॅरिस्टर झाला, दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनला जाऊन त्याने वकिली केली, आणि परत येऊन १९०६ च्या नोव्हेंबरात मेरिलबोन बरोच्या कौन्सिलवर निवडून आला. त्याच निवडणुकीत बॅटरसीच्या लॅचमियर वॉर्डातून आर्चर निवडून आला. एकाच शहरात, एकाच निवडणुकीत दोन कृष्णवर्णीय नगरसेवक, आणि दोघेही त्याच परिषदेतले. याला योगायोग म्हणायला आम्ही तयार नाही. जिथे आपली माणसे एकत्र बसून विचार करतात, तिथूनच उमेदवार निघतात.

१९०९ साली आर्चर पडला. त्या वर्षी बॅटरसीची सत्ताच विरोधकांकडे गेली. १९१२ साली तो पुन्हा निवडून आला. सभागृहात त्याने धरून ठेवलेला प्रश्न होता वेतनाचा. कौन्सिलच्या कामगारांना, म्हणजे रस्ते झाडणाऱ्यांना, कचरा उचलणाऱ्यांना, खड्डे भरणाऱ्यांना आठवड्याला किमान ३२ शिलिंग मिळालेच पाहिजेत, यासाठी तो भांडला आणि ते मिळवून दिले. त्यात काळ्यांचे हित किती होते? जवळजवळ नाहीच, कारण त्या कामगारांत काळे नव्हतेच म्हटले तरी चालेल. वॉर्डातल्या गोऱ्या कामगाराने त्याला पुन्हा मत का दिले, याचे उत्तर या ३२ शिलिंगांत आहे. त्वचेचा रंग विसरण्याइतका तो कामगार उदार होता, असे आम्ही म्हणणार नाही. पगाराच्या पाकिटाने त्याला विसरायला लावले.

मग आला १९१३ चा नोव्हेंबर. ९ तारखेला रविवार, म्हणून महापौरांची निवड सोमवारी १० तारखेला. पुरोगामी आघाडीने आर्चरचे नाव पुढे केले होते. बातमी बाहेर फुटताच वृत्तपत्रे तुटून पडली. हा माणूस रंगूनचा आहे, ब्रह्मी आहे, परका आहे, असे छापून आले. गोऱ्या माणसांवर रंगीत माणसाने सत्ता गाजवणे शोभत नाही, अशा अर्थाची पत्रे आली. इतक्यावर थांबले नाहीत. त्याच्या मेलेल्या आईपर्यंत गेले. काळ्या माणसाशी लग्न करणारी बाई कसली असणार, अशी ती कुजबुज होती. वाचकहो, ही भाषा आपल्याला अनोळखी वाटते काय? गावात आपल्या पोराने आंतरजातीय विवाह केला की पहिला दगड नेहमी स्त्रीच्याच चारित्र्यावर पडतो!

मतदान झाले. आर्चर एका मताने निवडून आला. फक्त एका मताने. एक माणूस आजारी पडला असता, एकाची गाडी चुकली असती, तरी हा इतिहास घडला नसता.

निवडून आल्यावर त्याने सभागृहात भाषण केले. आभार मानून गोड बोलून तो खाली बसला नाही. आपला जन्म रंगूनला नव्हे, लिव्हरपूलला झाला, हे त्याने स्पष्ट केले. आपण रंगीत वंशाचे आहोत आणि तसे असण्याचा आपल्याला अभिमान आहे, हेही सांगितले. आईच्या नावाला लावलेला कलंक त्याने सभागृहाच्या मध्यभागी उभे राहून धुतला. हा निकाल जगभरच्या रंगीत माणसांना काय सांगणार आहे, याची जाणीव त्याने आपल्या सहकाऱ्यांना करून दिली. आणि खरेच, ही बातमी अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेली. डु बॉइस ज्याचे संपादक होते त्या 'क्रायसिस' मासिकाने तिची दखल घेतली.

इथे एक दुरुस्ती करणे आम्हाला आवश्यक वाटते. आर्चर हा ब्रिटनचा पहिला काळा महापौर, असे अनेकजण लिहितात. ते खरे नाही. बहामा बेटांवरचे डॉक्टर ॲलन ग्लेझर मिन्स हे नॉरफोकमधील थेटफर्ड या छोट्या गावाचे महापौर १९०४ सालीच झाले होते. आर्चर हा लंडनमधला पहिला. आपल्या माणसाला मोठे करण्यासाठी आपल्याच दुसऱ्या माणसाला पुसून टाकायचे, हे बरे नव्हे. कोर्टात पुरावा लागतो तसा इतिहासातही लागतो. आपल्या विरोधकांना आपली एक खोटी तारीख सापडली की ते आपल्या शंभर खऱ्या तारखा नाकारतात.

महापौरपदाचे वर्ष संपता संपता महायुद्ध सुरू झाले. युद्धाच्या शेवटी, १९१८ साली, आर्चर आफ्रिकन प्रोग्रेस युनियन या संघटनेचा पहिला अध्यक्ष झाला. १९१९ साली पॅरिसला पॅन-आफ्रिकन काँग्रेस भरली, तिला तो ब्रिटनचा प्रतिनिधी म्हणून गेला. त्याच वर्षी जूनमध्ये त्याच्या जन्मगावी, लिव्हरपुलात, गोऱ्या जमावाने काळ्या वस्तीवर हल्ले केले. चार्ल्स वूटन नावाच्या तरुण खलाशाचा जमावाने गोदीपर्यंत पाठलाग केला आणि तो पाण्यात बुडून मेला. त्याच्या मृत्यूबद्दल कुणालाही शिक्षा झाली नाही. मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात अनेक काळी माणसे उभी राहिली! त्यांचा बचाव करायला गयानाचा कृष्णवर्णीय बॅरिस्टर एडवर्ड नेल्सन उभा राहिला आणि त्यासाठी आफ्रिकन प्रोग्रेस युनियनने पैसा उभा केला. आम्ही वकिली करतो. दंगलीत मार खाल्लेलाच आरोपी होतो, हे आम्ही आमच्या जिल्ह्याच्या कोर्टात पुष्कळदा पाहिले आहे. अशा वेळी घोषणेपेक्षा जामीनदार आणि वकिलाची फी अधिक कामाला येते. आर्चरच्या संघटनेला ते कळले होते.

पुढे १९२१ च्या ऑगस्टमध्ये लंडनला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी आर्चर होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वर्षी लंडनमध्येच होते, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होते. दोघांची भेट ओढूनताणून घडवायची आम्हाला गरज वाटत नाही. दुवा दुसरीकडून जुळतो. ज्या डु बॉइस यांच्याबरोबर आर्चर १९०० पासून परिषदांमध्ये बसत होता, त्याच डु बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, आणि डु बॉइस यांनी त्याला सहानुभूतीने उत्तर दिले.

आता मुंबईचा संबंध. शापूरजी सकलातवाला हे १८७४ साली मुंबईत जन्मलेले पारशी. आई जमशेटजी टाटांची बहीण. टाटांच्या घराण्यातला हा मुलगा १९०५ साली इंग्लंडला गेला आणि तिथे कम्युनिस्ट झाला. १९२२ साली उत्तर बॅटरसीत मजूर पक्षाने त्यांना संसदेची उमेदवारी दिली. त्यांचा निवडणूक एजंट होण्यासाठी आर्चरने स्वतःची कौन्सिलची जागा सोडली. इंग्लंडच्या १८८३ च्या कायद्याप्रमाणे एजंट म्हणजे झेंडे लावणारा कार्यकर्ता नव्हे. प्रत्येक पेनीच्या खर्चाला आणि प्रत्येक गैरप्रकाराला तो कायद्याने उत्तरदायी असतो. ज्याला वॉर्ड आणि घर पाठ आहे त्यालाच ते जमते. सकलातवाला २,०२१ मतांनी निवडून आले. १९२३ साली १८६ मतांनी पडले. १९२४ साली ५४२ मतांनी पुन्हा आले. बार्बाडोसच्या खलाशाचा मुलगा मुंबईच्या पारशाला गोऱ्या कामगारांच्या मतांवर ब्रिटिश पार्लमेंटात पाठवतो, हे दृश्य आम्हाला फार मोठे वाटते.

पण इथेच थांबून टाळ्या वाजवल्या तर ते चरित्र होणार नाही. मजूर पक्षाने कम्युनिस्टांना बाहेर काढण्याचे ठरवले. बॅटरसीच्या स्थानिक शाखेने ते मानले नाही, तेव्हा पक्षाने त्या शाखेलाच वाळीत टाकले. १९२६ साली अधिकृत पक्षाची नवी शाखा उभी राहिली, ती उभी करणाऱ्यांत आर्चर होता. आणि १९२९ च्या निवडणुकीत मजूर पक्षाच्या स्टीफन सँडर्स यांचा एजंट म्हणून तो सकलातवालांच्या विरोधात उभा राहिला. सँडर्स जिंकले. सकलातवाला तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले.

हे वाचून आम्ही बरेच दिवस अस्वस्थ होतो. आर्चरने पक्षशिस्त पाळली असे म्हणायचे, की मित्राला दगा दिला असे म्हणायचे? आम्ही त्याला पक्षाचा होयबा म्हणणार नाही. ज्याने एका मताच्या काठावर उभे राहून आपल्या वंशाचा अभिमान सांगितला, तो होयबा नसतो. कम्युनिस्टांच्या मागे गेलो तर बॅटरसीचा कामगार दुभंगेल आणि कौन्सिल हातची जाईल, असा हिशेब त्याने केला असावा. परंतु दुसऱ्याच्या पक्षात राहून काम करणाऱ्या माणसावर एक दिवस असा येतोच, की पक्ष त्याला आपल्याच माणसाविरुद्ध यादी हातात देऊन घरोघर फिरायला लावतो. आपल्याकडे तर हे रोज घडते. फरक इतकाच, की आर्चरपाशी आफ्रिकन प्रोग्रेस युनियनमध्ये केलेली वेगळी, स्वतःची कमाईही होती. आपल्यापैकी कितीजणांपाशी तशी कमाई आहे?

१९३१ साली नाइन एल्म्स वॉर्डातून तो पुन्हा कौन्सिलवर आला आणि कौन्सिलचा उपनेता झाला. मधल्या काळात गरिबांच्या मदतीचा कारभार पाहणाऱ्या बोर्ड ऑफ गार्डियन्सवर, बॅटरसी पॉलिटेक्निकच्या नियामक मंडळावर तो होता. नाइन एल्म्सच्या पोहण्याच्या क्लबचाही अध्यक्ष होता. १४ जुलै १९३२ रोजी त्याचे निधन झाले. बॅटरसी पार्क रोडवरच्या कॅथलिक चर्चमध्ये अंत्यविधी झाला.

तारीख लक्षात घ्या. त्यानंतर महिन्याभराने, ऑगस्ट १९३२ मध्ये, जातीय निवाडा जाहीर झाला. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. आर्चरचे उदाहरण आमच्या तोंडावर फेकणारे काही विद्वान आम्हाला भेटले आहेत. त्यांचे म्हणणे असे : बघा, ना राखीव जागा, ना स्वतंत्र मतदारसंघ, तरी गोऱ्यांनी काळ्याला निवडून दिलेच ना? मग बाबासाहेबांचा हट्ट कशासाठी होता?

याचे उत्तर आर्चरच्याच आयुष्यात आहे. बॅटरसीचा मतदार आर्चरच्या स्टुडिओत बसून फोटो काढून घेत होता. त्याच्या हाताला हात लागला तर आंघोळ करत नव्हता. त्याला पाणवठा बंद नव्हता, चर्च बंद नव्हते. तरीही त्याला एकच मत जादा पडले, तरीही त्याची आई निघाली! आणि पुढे काय झाले? आफ्रिकी वंशाची माणसे हाऊस ऑफ कॉमन्समध्ये निवडून आली ती १९८७ साली. डायन ॲबट, बर्नी ग्रँट, पॉल बोटेंग. आर्चरच्या मृत्यूनंतर ५५ वर्षांनी. लोकांच्या सदिच्छेवर प्रतिनिधित्व सोडून दिले तर एक अपवाद मिळतो आणि दुसऱ्या अपवादासाठी दोन पिढ्या थांबावे लागते. बाबासाहेब १९३० आणि १९३१ च्या गोलमेज परिषदांसाठी त्याच लंडनमध्ये बसले होते. अपवादावर कायदा उभा राहत नाही, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

उलट बाजूही आम्ही लपवणार नाही. राखीव जागेवर आलेला आपला नगराध्यक्ष, आपला सरपंच, रस्ते झाडणाऱ्याच्या पगारासाठी सभागृहात किती वेळा उभा राहिला? झाडू खाते ठेकेदाराच्या घशात घालण्याचा ठराव आला, तेव्हा आपल्याच सदस्यांचे हात वर गेलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. ते हात वर करणारे आमच्याच सभेत निळा फेटा बांधून बसले होते. राखीव जागेने खुर्ची मिळते. ३२ शिलिंग मागावे लागतात.

१९६५ साली बॅटरसी बरो संपला आणि तो भाग वँड्सवर्थ या मोठ्या बरोत गेला. तिथे १९७८ पासून हुजूर पक्षाची सत्ता होती. कमी कर आणि ठेकेदारी हीच त्या कौन्सिलची ख्याती. मे २०२२ च्या निवडणुकीत ५८ पैकी ३५ जागा घेऊन मजूर पक्षाने ४४ वर्षांनी ती सत्ता घेतली. आमच्या वर्तमानपत्रांत त्याची दोन ओळींची बातमी आली, बहुतेकांत तीही नाही.

आर्चर ज्या घरात राहत होता ते ५५, ब्रिनमेअर रोड. २०१३ साली ब्रिटिश टपाल खात्याने त्याच्या चित्राचे तिकीट काढले, त्याच साली त्या घरावर निळी पाटी लागली. महापौर झाल्याला तेव्हा १०० वर्षे झाली होती.